मेन स्विच बंद, छत मात्र चालूच

पाण्याची टाकी, डिशची थाळी आणि उन्हाळ्यात कुरडया-पापडांचे वाळवण हे आपल्याकडच्या गच्चीचे जुने चित्र. आता त्यात निळ्या-काळ्या पॅनेलच्या रांगा आल्या आहेत. ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. मार्च २०२५ मध्ये योजनेतील घरांचा आकडा दहा लाखांवर गेला, आणि त्यात गुजरातखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता.

चर्चा होते ती युनिटची, अनुदानाची आणि नेट मीटर किती दिवसांत लागला याची. ती स्वाभाविक आहे, कारण बिल दर महिन्याला दिसते. छतावरून इन्व्हर्टरपर्यंत उतरणाऱ्या तारा मात्र एकदा पाइपात गेल्या की कुणाला दिसत नाहीत. त्या कशा टाकाव्यात, कुठे तोडता याव्यात, किती वेळात थंड पडाव्यात हे ठरवणारी पुस्तके म्हणजे विद्युत संहिता. वाचायला अतिशय रुक्ष. पण त्यातल्या अनेक कलमांच्या मागे भाजलेला, पडलेला किंवा दगावलेला कुणीतरी माणूस असतो. म्हणून या संहिता बदलतात तेव्हा ती बातमी अभियंत्यांइतकीच डॉक्टरांचीही असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार भारतात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरण पावतात. ही बहुतांश साध्या तारांची, पंपांची, कूलरची बळी आहेत. सौर संचांचा वाटा यात कितीसा, असे कुणी विचारेल. पण तो वाटा ठरायचा आहे, आणि तो आज होणाऱ्या वायरिंगवर ठरेल.

सौर संचाचा एक गुणधर्म घरातल्या इतर कुठल्याही उपकरणात नाही. घराला आग लागली, कुणाला शॉक बसला, की पहिली कृती सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. मेन स्विच पाडायचा. महावितरणकडून येणारी वीज थांबते आणि घर निर्जीव होते. छतावर पॅनेल असतील तर ही कृती अर्धीच लागू पडते. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर थांबतो, घरातल्या तारांतली वीज जाते. पण पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत ऊन आहे तोवर वीज खेळतच राहते, कारण तिचा उगम खांबावर नसून सूर्यात आहे. तीन किलोवॉटच्या नेहमीच्या संचात सहा पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा मोकळा दाब ५० व्होल्टच्या आसपास धरला तरी टोकाला ३०० व्होल्ट येतात. इन्व्हर्टर बंद झाला म्हणजे प्रवाह थांबतो, दाब उतरत नाही. उलट भार निघाल्यावर तो थोडा चढतो.

ही वीज डीसी असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. डीसीबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. काहींच्या मते डीसी म्हणजे बॅटरीची वीज, तिचा कसला शॉक! काहींच्या मते ती माणसाला चिकटवून ठेवते. शरीरशास्त्र वेगळे सांगते. घरातली एसी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ती दर आवर्तनाला स्नायूंना नवा धक्का देते, त्यामुळे १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाहालाच हाताची मूठ आवळली जाते आणि तार सोडता येत नाही. हृदयाच्या ठोक्याच्या नाजूक क्षणी तिने गाठले, तर निलय नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे ढकलले जात नाही. डीसीला हीच थरथर घडवायला काही पटींनी जास्त प्रवाह लागतो. म्हणूनच कोरड्या जागी स्पर्शासाठी सहन करण्याजोगी मर्यादा एसीला ५० व्होल्ट आणि डीसीला १२० व्होल्ट अशी धरली जाते. पण छतावर ३०० व्होल्ट आहेत, आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी, ओल्या हातांनी गच्चीवर गेलेल्या माणसाची कातडी कोरड्या कातडीच्या तुलनेत फारच थोडा विरोध करते.

डीसीचा खरा धोका तिच्या ठिणगीत आहे. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सैल जोडातली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी कधीच शून्यावर येत नाही. सैल कनेक्टरमध्ये एकदा ठिणगीची कमान पेटली की ती वेल्डिंगच्या ठिणगीसारखी जळत राहते, तांबे वितळवते आणि शेजारचे प्लास्टिक पेटवते. एसीसाठी बनवलेला स्वस्तातला एमसीबी डीसीच्या बाजूला बसवला, तर तो खटका उघडतो पण आतली कमान विझवू शकत नाही, आणि संरक्षणासाठी बसवलेली पेटीच आगीचे ठिकाण बनते. दोन एमसीबी दिसायला सारखे असतात, फरक असतो तो बाजूला छापलेल्या बारीक अक्षरांत आणि किमतीत.

विजेने भाजलेला रुग्ण फसवा असतो. बाहेरून बोटावर रुपयाएवढा काळा डाग, तळपायावर दुसरा, बाकी माणूस बोलतोय, चालतोय. पण प्रवाह स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसांमधून गेलेला असतो आणि आत शिजलेले स्नायू त्वचेखाली झाकलेले असतात. त्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरते, लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद होते आणि वेळीच शिरेतून भरपूर सलाइन दिले नाही, तर मूत्रपिंडे बंद पडतात. हात सुजून आतला दाब वाढला, तर स्नायूंचे आवरण तातडीने चिरून तो मोकळा करावा लागतो. तो वेळ हुकला की बोटे किंवा हात गमवावा लागतो. ‘शॉक बसला पण आता बरं वाटतंय’ असे म्हणणाऱ्याचाही ईसीजी आणि लघवीची तपासणी करायची ती याच कारणाने. छतावर आणखी एक गोष्ट घडते. शॉक अगदी किरकोळ असतो, पण दचकून तोल जातो आणि माणूस दुसऱ्या मजल्यावरून खाली येतो. कागदोपत्री तो उंचीवरून पडण्याचा अपघात ठरतो. त्याच्या मुळाशी असलेली सैल तार कुठल्याच नोंदीत येत नाही.

हा ‘बंद न होणारा’ विजेचा उगम संहितेत कसा बसवायचा, याचा सर्वांत लांबलेला वाद अमेरिकेत झाला. तिथली राष्ट्रीय विद्युत संहिता पहिल्यांदा १८९७ मध्ये निघाली आणि आता दर तीन वर्षांनी सुधारली जाते. सौर संचांसाठीचे ६९० क्रमांकाचे प्रकरण १९८४ च्या आवृत्तीत आले. १९८७ मध्ये त्यात एक महत्त्वाचे कलम घातले गेले. छतावरची तार कुठे सोलून जमिनीशी संबंधित धातूला टेकली, तर इन्व्हर्टरमधला एक लहान फ्यूज जळून संच थांबावा. अनेक वर्षे सगळ्यांना वाटत होते की प्रश्न मिटला.

एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड इथे एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या संचाला आग लागली. दोन वर्षांनी उत्तर कॅरोलायनातल्या माउंट हॉलीत जवळजवळ तशीच आग लागली. तपासात निघाले ते असे. त्या पद्धतीच्या संचात एक तार मुद्दाम अर्थ केलेली असायची. तीच तार कुठेतरी सोलून धातूला टेकली, तर दोन्हीचा दाब सारखाच असल्याने फ्यूजमधून वाहणारा प्रवाह इतका थोडा असायचा की तो जळायचाच नाही. हा पहिला बिघाड महिनोन्महिने निमूट पडून राहायचा. लक्षण नाही, वेदना नाही, अगदी वाढलेल्या रक्तदाबासारखा. मग एके दिवशी दुसऱ्या तारेत बिघाड व्हायचा, फ्यूज जळायचा, पण प्रवाहाला पहिल्या बिघाडाची आयती वाट मोकळी असायची आणि तारा पेटायच्या. २०१४ च्या आवृत्तीने म्हणून सांगितले की अर्थ केलेल्या तारेतला बिघाडही यंत्रणेला ओळखता आला पाहिजे. आजचे घरगुती इन्व्हर्टर दररोज सकाळी जोडणी करण्यापूर्वी तारांचे आवरण शाबूत आहे का ते स्वतः मोजतात, ते याच प्रकारच्या शहाणपणातून.

इथे आपल्याकडच्या एका सवयीचा उल्लेख करायला हवा. पावसाळ्यात काही घरांचा इन्व्हर्टर सकाळी उशिरा सुरू होतो, पडद्यावर इन्सुलेशनचा बिघाड असल्याचे अक्षर उमटते, आणि ऊन वाढून ओल सुकली की सारे सुरळीत होते. एजन्सीचा मुलगा फोनवर सांगतो, ‘बंद करून चालू करा.’ तो संच खरे तर सांगत असतो की कुठल्यातरी जोडात पाणी जाते आहे. ते अक्षर दुसऱ्यांदा दिसले, तर माणूस छतावर चढून जोड तपासून गेला पाहिजे.

अमेरिकेतला पुढचा वाद अग्निशमन दलाच्या जवानांवरून पेटला. तिथली बरीच घरे लाकडी छताची. आतला धूर बाहेर काढायला जवान छतावर चढून कुऱ्हाडीने आणि करवतीने ते कापतात. छतावर पॅनेल असतील तर करवत कुठल्या तारेवर चालेल हे सांगता येत नाही. अंडररायटर्स लॅबोरेटरीजने २०११ मध्ये यावर प्रत्यक्ष प्रयोग करून अहवाल दिला. त्यातली निरीक्षणे चक्रावणारी होती. पॅनेलवर ताडपत्री टाकली म्हणजे वीज थांबेल हा समज धोक्याचा ठरला, कारण काही ताडपत्र्यांतून पुरेसा उजेड आत जातो. फेसाचाही उपयोग होत नाही. रात्री अग्निशमन गाडीवरच्या प्रखर दिव्यांच्या उजेडातही पॅनेलमधून अपायकारक प्रवाह निघू शकतो. जळालेले, तडकलेले पॅनेलही वीज देत राहतात. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यू जर्सीतल्या डेलॅन्को इथे सात हजारांवर पॅनेल असलेले एक प्रचंड गोदाम जळाले. आग कशी लागली हा वेगळा विषय, पण छतावर जवान पाठवायचे का, या पेचाने त्या दिवशी आग विझवण्याचे काम अडले.

२०१४ च्या संहितेत ‘जलद बंद’ कलम आले. पॅनेलच्या रांगेपासून दहा फुटांपलीकडच्या तारांचा दाब दहा सेकंदांत ३० व्होल्टच्या खाली आला पाहिजे. यातून घराच्या भिंतीतली तार सुरक्षित झाली. जवान जिथे उभा राहतो, तो पॅनेलच्या मधला पट्टा तसाच राहिला. २०१७ च्या आवृत्तीने तो प्रश्नही हाती घेतला. रांगेच्या बाहेर एका फुटापलीकडे ३० व्होल्ट आणि रांगेच्या आतही ८० व्होल्ट, दोन्ही ३० सेकंदांत. आतली मर्यादा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. कागदावर ही एक ओळ, पण तिने वायरिंग मुळापासून बदलले. एक पॅनेल साधारण ५० व्होल्टचा, म्हणजे दोन पॅनेल जोडले की मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पॅनेलखाली एक छोटे उपकरण आले. कुठे तो पॅनेलपाशीच एसी करणारा सूक्ष्म इन्व्हर्टर असतो, कुठे इशारा मिळताच पॅनेल तोडणारा खटका. मीटरपाशी एक बटण, आणि शेजारी कुठला भाग बंद होतो हे दाखवणारी पाटी.

उद्योगाने कुरकुर केली, आणि सगळी कुरकुर नफ्यापोटी नव्हती. प्रत्येक उपकरणासोबत छतावर आणखी कनेक्टर येतात आणि ठिणगी पडते ती बहुधा कनेक्टरमध्येच. जवानाचा धोका कमी करताना आगीचा धोका वाढवत नाही ना, हा प्रश्न रास्त होता. २०२० च्या आवृत्तीने त्यामुळे दुसरी वाट मोकळी केली. संपूर्ण रचना जवानाच्या दृष्टीने सुरक्षित असल्याचे चाचणीतून सिद्ध झाले, तर प्रत्येक पॅनेलखाली उपकरण नको. २०२३ मध्ये गाड्यांच्या मोकळ्या शेडसारख्या, भिंती नसलेल्या वेगळ्या बांधकामांना सूट मिळाली, कारण तिथे छत कापायला कुणी चढत नाही. नियम आणायचा, त्याचे दुष्परिणाम पाहायचे आणि मात्रा बदलायची. औषधाच्या बाबतीत हे सगळ्यांना पटते, नियमांच्या बाबतीत मात्र बदल म्हणजे धरसोड वाटते.

जर्मनीने पॅनेलपाशी बंद करण्याचा मार्ग सक्तीचा केला नाही. फ्राउनहोफर संस्थेने तिथल्या वीस वर्षांच्या घटनांचा जो आढावा घेतला, त्यात सुमारे ३५० संचांना आग लागल्याचे आढळले. त्यांपैकी १२० घटनांत दोष सौर संचाचा होता, ७५ ठिकाणी नुकसान गंभीर होते आणि दहा ठिकाणी संपूर्ण इमारत जळाली. लाखो संचांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य म्हणावे इतके. पण त्यांनी नोंदवलेले कारण आपल्यासाठी मोलाचे आहे. कनेक्टर खास हत्याराने न बसवता साध्या पकडीने दाबणे, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, एकमेकांत न जुळणारे कनेक्टर जोडणे. म्हणजे दोष बहुतेक वेळा माल बसवणाऱ्या हातात आणि त्या हाताला मिळालेल्या शिकवणीत होता. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशात हे घडत असेल, तर दिवसाला दोन छते उरकणाऱ्या आपल्याकडच्या एजन्सीबद्दल अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही.

आता भारताकडे. आपली राष्ट्रीय विद्युत संहिता भारतीय मानक ब्यूरो काढतो. पहिली १९८५ ची, मग २०११ ची, आणि आताची २०२३ ची. सौर संचांसाठी स्वतंत्र भाग २०११ मध्ये आला. संहिता मार्गदर्शन करते, कायद्याचा दंडा असतो तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांना. तेही २०१० नंतर २०२३ मध्ये नव्याने आले. शिवाय छोट्या निर्मिती संचांच्या ग्रिड जोडणीचे २०१३ चे तांत्रिक नियम आहेत, ज्यांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. या शेवटच्या नियमांतली एक अट फारशी कुणाला माहीत नाही, पण तिच्यावर लाइनमनचा जीव अवलंबून असतो. ग्रिडची वीज गेली की छतावरच्या इन्व्हर्टरने साधारण दोन सेकंदांत स्वतःला तोडून घेतले पाहिजे. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला वाटणार की लाइन बंद आहे आणि खालच्या दहा घरांतून वीज उलटी वर येणार. वीज गेल्यावर सौर संचही बंद का पडतो, अशी तक्रार अनेक ग्राहक करतात. त्याचे उत्तर खांबावर आहे. ही सोय खटपट करून निकामी करणारे आणि जुना बॅटरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीच्या जागी जोडणारे कारागीरही आहेत. त्यांच्या ‘जुगाडा’ची किंमत दुसराच कुणी मोजतो.

कागदावर भारताची बाजू लंगडी नाही. गाडा अडतो तो वेगाच्या विषमतेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची पाहणी न करता मंजूर मानावे आणि वितरण कंपनीने संच कार्यान्वित करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणावी, असे ठरले. लाल फितीला कंटाळलेल्या ग्राहकाला हे हवेच होते आणि ते योग्यही आहे. पण वेळ वाचला तो तपासणीच्या बाजूने. छोट्या घरगुती संचाची विद्युत निरीक्षकाकडून पाहणी सहसा होत नाही. बसवणाऱ्याने स्वतःच प्रमाणपत्र द्यायचे आणि मीटर लावायला आलेल्या कर्मचाऱ्याने जमेल तेवढे पाहायचे, अशी ही व्यवस्था आहे. तो कर्मचारी मीटर पाहतो. छतावरचा कनेक्टर कुठल्या पकडीने दाबला, हे पाहायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना शिडी.

अमेरिकेची ८० व्होल्टची अट जशीच्या तशी उचलावी, असे म्हणता येणार नाही. आपल्याकडे शहरांतले छत सिमेंट-काँक्रीटचे, ते कापून कुणी आत शिरत नाही. तिथे डीसीची तार इन्व्हर्टरपर्यंत शक्य तितकी आखूड आणि घराबाहेरून नेणे, छतावरच हाताला लागेल असा डीसी आयसोलेटर बसवणे एवढ्यानेही पुष्कळ साधते. पण पत्र्याची घरे, कोंबड्यांच्या शेड, औद्योगिक वसाहतींतली गोदामे यांचे गणित वेगळे आहे. तिथे उन्हाने चिरलेल्या किंवा उंदरा-माकडांनी कुरतडलेल्या एका तारेमुळे सारा पत्रा जिवंत होऊ शकतो. अशा छतांसाठी पॅनेलपाशी बंद होण्याची सोय आणि ठिणगी ओळखणारे संरक्षण यांचा विचार आधी झाला पाहिजे. दोन्ही छतांना एकच मोजमाप लावणे म्हणजे सर्वांना एकाच मात्रेत औषध देण्यासारखे आहे.

घराच्या आतल्या वायरिंगकडेही जुन्या सवयीने पाहून चालत नाही. पूर्वी वीज एकाच बाजूने यायची, आता मीटरकडून आणि इन्व्हर्टरकडून अशी दोन्हीकडून येते. मेनचा खटका ३२ अँपिअरचा आणि सौर संचाचा १६ चा असेल, तर मधल्या पट्टीवर दोघांचा मिळून भार पडू शकतो आणि दोन्ही खटक्यांना त्याचा पत्ता लागत नाही. दुसरा मुद्दा गळती ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीसीबीचा, ज्याला घरोघरी ईएलसीबी म्हणतात. घरगुती वापरात तो ३० मिलिअँपिअरचा असतो, हृदयाची थरथर सुरू होण्याआधी प्रवाह तुटावा म्हणून. बाजारातला साधा, फक्त एसी ओळखणारा प्रकार डीसी गळतीने बधिर होऊ शकतो आणि मग खऱ्या शॉकच्या वेळीही पडत नाही. संचात कोणता प्रकार चालेल हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. बसवणाऱ्याने ते पान उघडून दाखवले, तर त्याला काम येते असे समजायला हरकत नाही.

ग्राहकाने विचारायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. डीसीच्या पेटीतला खटका डीसीचाच आहे का, त्यावर काय छापले आहे? जोडाची दोन्ही टोके एकाच कंपनीची आहेत का? वीजरोधकाचे, डीसीचे आणि एसीचे अर्थिंग कुठे केले, आणि त्याचा रोध मोजून लिहून दिला का? पॅनेलची चौकट आणि लोखंडी सांगाडा अर्थिंगला जोडला आहे का, की नुसताच रंगवला आहे? उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत. पॅनेल धुवायचे ते सकाळी ऊन चढण्यापूर्वी, आणि काच तडकलेल्या पॅनेलला पाणी लावायचेच नाही. संच चालू असताना कनेक्टर हाताने ओढून काढणे तर अजिबात नको, कारण कमान पेटते ती नेमकी त्या क्षणी.

छतावर कुणाला शॉक बसलाच, तर मेन पाडल्यावर तो भाग बंद झाला असे समजू नये. सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर डीसी आयसोलेटर पाडावा, कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करावी, आणि तोवर माणसाला हात लावू नये. तो श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहावे आणि कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगावे. विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा तरुण आणि निरोगी असते, त्यामुळे लवकर हात पडले तर ते परत सुरू होण्याची आशा अधिक असते.

सूर्यघर योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले जाते. उन्हाने तारांचे आवरण ठिसूळ होते, कनेक्टरची सीलबंदी सैल पडते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, ते सहसा पहिल्या पाच वर्षांनंतर. २०२४ मध्ये बसलेल्या संचांची देखभालीची मुदत २०२९ मध्ये संपेल. त्यानंतरच्या वीस वर्षांत छतावर कोण चढणार, किती वर्षांनी चढणार, आणि त्याचा अहवाल कुणाकडे जाणार, हे अजून ग्राहकाच्या मर्जीवर सोडलेले आहे. कोणत्या घरावर किती किलोवॉटचा संच आहे, याची यादी मात्र नेट मीटरच्या निमित्ताने वितरण कंपनीकडे तयार आहे. ती यादी नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात पोहोचवायला कुठल्याही संहितेच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.